इस्त्रीवाल्यानं केलेली निंदा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक टेबल होतं आणि टेबलामागे इस्त्रीवाले काका उभे असायचे. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या तीन घड्या, त्यावर चादर, चादरीवर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग. शेजारी झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. जिन्याचा उतार नेमका त्यांच्या डोक्यावर यायचा, त्यामुळे हा उंच माणूस दिवसभर मान तिरकी करून उभा असे. घरी आल्यावर मान सरळ व्हायला तासभर लागतो, असं त्यांची बायको सांगायची. तिला सगळी इमारत मावशी म्हणत असे. काकांची बायको मावशी कशी, हे नातं तपासायला कुणी गेलं नाही. मावशी घरोघरचे कपडे आणायची, इस्त्री झाली की पोचवायची. डाव्या कानानं तिला अजिबात ऐकू येत नसे, त्यामुळे ती दारात उभी राहून मोठ्यानं बोलायची. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा सदरा जळला, हे तळमजल्याला मावशीकडूनच कळायचं.

काका मात्र तोंड उघडत नसत. ते कपडे वाचायचे. वरच्या मास्तरांनी नोकरी सोडली हे मास्तरांनी सांगायच्या आधी त्यांना ठाऊक होतं, कारण दोन आठवडे पँट आली नव्हती, नुसते पायजमे. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या मुलाला वसतिगृहात घातलंय, सगळं त्या गाठोड्यांत असायचं. विचारलं तर सांगत, नाहीतर इस्त्री चालू. एकदा मी गमतीनं म्हटलं, काका, तुमच्यापासून काही लपत नाही. ते म्हणाले, लपतं ना ताई, चुरगळल्याशिवाय आमच्याकडे येतच नाही.

दर रविवारी ते आमच्या भजनी मंडळात यायचे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथं हे मंडळ चालतं. एका टोकाला कृष्णाची वीतभर उंचीची मूर्ती, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. माझे यजमान गेल्यापासून माझा सगळा जीव तिथं होता. घरात दोन मुली आणि मी. मुलीला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचे, आणि तेव्हा जपमाळ हाती घेतली की जरा थांबायचे. मंडळाची एक रीत होती. भजनाला बसण्याआधी सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार करायचा, लहानमोठं बघायचं नाही. कुणी साष्टांग दंडवत घातलं तर समोरच्यानं लगेच वाकून त्याला उठवायचं. न उठवणं म्हणजे वैष्णवाचा अपमान. आणि वैष्णवाची निंदा हा तर सगळ्यांत मोठा अपराध. मंडळाचे महाराज सांगायचे, देवाची निंदा केली तर देव माफ करील, पण भक्ताची केली तर त्या भक्ताच्याच पायाशी जावं लागतं, देवाचाही इलाज चालत नाही.

काकांची सेवा होती ती मूर्तीच्या कपड्यांची. एवढंएवढंसं धोतर, उपरणं, जरीकाठाचा शेला, सगळं मिळून माझ्या दोन तळहातांत मावेल. त्यासाठी त्यांनी एक वेगळी छोटी इस्त्री ठेवली होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या कपड्याला लावत नसत. हे काम ते डाव्या हातानं करायचे. मला वाटायचं, सावकाश व्हावं म्हणून करत असतील. जपही डाव्या हातानं. हे मात्र सगळ्यांना खटकायचं, कारण जप उजव्या हातानं करतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कुणी ना कुणी दर रविवारी त्यांना टोकायचं. मीसुद्धा एकदा त्यांना बाजूला घेऊन शास्त्र समजावलं होतं. बी.ए.ला माझं तत्त्वज्ञान होतं, समजावण्याची हौस होतीच. ते "हो ताई" म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा माळ डाव्या हातात. मंडळात त्यांना डावखुरा भक्त म्हणायचे. ते त्यावरही हसायचे.

त्याच मंडळात मला माझा जावई सापडला.

त्याला सगळे धूळबुवा म्हणत, कारण कुणी काही बोललं की तो हात जोडून म्हणायचा, "मी तर आपल्या पायाची धूळ." कचेरीत चांगली नोकरी होती, दिसायला बरा, मृदंग सुरेख वाजवायचा. पण मी भुलले ते दुसऱ्याच गोष्टीला. आत येताना लोक चपला कशाही टाकून जात. हा सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवायचा, बायकांच्यासुद्धा. माझ्या चपलेची धूळ त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसलेली मी पाहिली आहे. बोलायचा इतक्या हळू की पुढं झुकून ऐकावं लागे. मी मोठ्या आवाजाच्या घरात वाढले आणि मोठ्या आवाजाच्या घरात नांदले. माझ्या वडिलांचा पाय दारात पडला की आम्ही भावंडं पुस्तकात डोकं घालायचो. लेकीला आवाज न चढवणारा नवरा मिळावा, एवढंच मी देवाकडे मागत होते. ते समोरून चालत आलं, आणि तेही चपला पुसत.

थोरलीनं लग्नाआधी एकदाच शंका काढली होती. म्हणाली, आई, एवढं वाकल्यावर माणसाला समोरचं दिसतं तरी का? मी तिला रागावले. आजकाल नम्र माणसाला बावळट समजतात, तू तरी तसं करू नकोस, असं बरंच काही बोलले. लग्न मंडळातच झालं. तो माझ्या पाया पडला तेव्हा इतका वेळ जमिनीवर राहिला की त्याला उठवताना मला रडू आलं. बायका म्हणाल्या, नशीब काढलंस गं.

दोघं दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. इस्त्रीचे कपडे काकांकडेच द्या, असं मीच सुचवलं होतं.

दहा महिन्यांनी एका दुपारी काका वर आले. इतक्या वर्षांत ते कधी आमच्या दारात आले नव्हते, कपडे नेहमी मावशीच आणायची. हातात थोरलीचे दोन कुडते होते. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी एक कुडता उलटा केला आणि खांद्याची शिवण मला दाखवली. शिवण उसवलेली, हातानं पुन्हा शिवलेली, पुन्हा उसवलेली. ते म्हणाले, कापड जुनं झालं की कापड विरतं. इथं कापड नवं आहे आणि शिवण गेलीय, म्हणजे कुणीतरी धरून ओढलंय. दुसऱ्या कुडत्याच्या गळ्याशी फिकट तपकिरी डाग होता. रक्त गरम पाण्यात धुतलं की असा पक्का बसतो, म्हणाले, गार पाण्यात धुवायचं असतं हे घाईत सुचत नाही. उन्हाळा चालू असून दोन महिन्यांत तिचा एकही अर्ध्या बाहीचा कपडा आला नव्हता. आणि जावयांचे सगळे सदरे नीट होते, फक्त उजव्या बाहीचं बटण तीन वेळा तुटून आलं होतं.

मी विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय?

त्यांनी कुडता सुलटा केला, घडी घातली, आणि मग खाली बघत जे सांगितलं ते मावशीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी ते टेबल सोडून चहाला गेले होते. तेवढ्यात मावशीच्या हातून गिऱ्हाइकाची साडी जळली. परत आल्यावर त्यांनी तिला एक मारली, उजव्या हातानं, कानावर. एकदाच. त्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

"हे कपडे मी ओळखतो ताई," ते म्हणाले. "आमच्या घरात असलेच होते. त्या हातानं मी पोट भरतो, जेवतो. देवाला तो हात लावत नाही."

आज इतक्या दिवसांनी मला वाटतं, त्या दारात मंडळातला एकमेव नम्र माणूस उभा होता. तेव्हा मला दिसला तो बायकोला बहिरं करणारा इस्त्रीवाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही मारलंत म्हणून जगातले सगळे पुरुष तसलेच का, असं मी त्यांना विचारलं. ज्याच्या पायाशी बसायची तुमची लायकी नाही त्याच्यावर शिंतोडे उडवता, असंही म्हणाले. लायकी हा शब्द मी वापरला, हे मला पक्कं आठवतं. काकांनी कुडते दारातल्या खुर्चीवर ठेवले. जाताना एवढंच म्हणाले की एकदा पोरीकडे जाऊन या, न कळवता.

मी कळवून गेले. आधी फोन केला. थोरली म्हणाली, सर्दी झालीय, दोन दिवसांनी ये. दोन दिवसांनी गेले तेव्हा घर लखलखीत, ती लांब बाह्यांचा कुडता घालून चहा घेऊन आली, आणि जावयांनी माझ्या चपला आत उचलून ठेवल्या. मी निर्धास्त झाले. मग जे केलं ते कुठल्या आईनं केलं नसेल. इस्त्रीवाले काय म्हणतात ते मी जावयांना हसत हसत सांगितलं. मला वाटलं, तेही हसतील आणि विषय मिटेल. ते हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, माझ्याच वागण्यात काही कमी असेल म्हणून त्यांना तसं वाटलं असेल. थोरली हातात ट्रे घेऊन उभी होती, ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या नजरेला मी लाज समजले. मी गेल्यावर त्या घरात काय झालं, ते मला पुढं पोलिसांच्या कागदावर वाचायला मिळालं.

जावयांनी गोष्ट महाराजांच्या कानावर घातली. तक्रार म्हणून नाही, माझं काय चुकलं ते सांगा म्हणून. महाराज वाईट माणूस नाहीत. साठी उलटलेले, शांत, कुणाच्या घरी पाणी पितानाही दोनदा धन्यवाद म्हणणारे. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पुढच्या रविवारी भजनाआधी त्यांनी काकांना पुढं बोलावलं आणि विचारलं, तुम्ही डोळ्यांनी काही पाहिलं का? काका म्हणाले, नाही. मग काय पाहिलं? काका म्हणाले, शिवण. हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, आता शिंप्यालाही साक्षीला बोलवा. महाराजांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि काकांना समजावलं की अनवधानानं झालेली निंदाही निंदाच असते, धूळबुवांची माफी मागा म्हणजे तुमचंच ओझं उतरेल.

काका काही म्हणायच्या आत जावई उठले आणि धाडकन काकांच्या पायांवर आडवे झाले. माफी मीच मागतो, माझ्यामुळे आपल्या मनात पाप आलं, असं रडत रडत म्हणू लागले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझाही होता. ज्याची निंदा झाली तोच निंदकाच्या पायाशी, याहून मोठी भक्ती कोणती? सगळे वाट बघत होते की काका आता वाकून त्यांना उठवतील.

काका वाकले नाहीत. एक पाऊल मागं सरकले आणि म्हणाले, "माझ्यापुढं पडू नका. घरी हात आवरा."

मग महाराजांनी थोरलीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांनी तिला मोकळेपणानं विचारलं, पोरी, तुला काही त्रास आहे का, इथं सांग, घाबरू नकोस. ती बायकांत माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि हात जोडले. मी देवाला हात जोडत होते की तिला, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला काय वाटलं ते मात्र माहीत आहे. ती म्हणाली, काही नाही.

मूर्तीच्या कपड्यांची सेवा त्या दिवशी काकांकडून काढून घेतली. छोटी इस्त्री त्यांची स्वतःची होती, ती ते पिशवीत घालून घेऊन गेले. मावशी दारात चपला शोधत होती. मोठ्यानं म्हणाली, "डाव्या हातानं जप करून माझा कान काही परत आला नाही. पण ह्यांनी निदान खोटं रडणं तरी केलं नाही कधी." सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी वळून पाहिलं नाही.

आमच्या इमारतीतले निम्मे लोक मंडळातले. पंधरा दिवसांत एक अर्ज फिरला, की जिन्याखाली विजेचं काम चालणं धोक्याचं आहे, टेबल हलवावं. वीस वर्षं तो धोका कुणाला दिसला नव्हता. अर्ज माझ्याकडे आला तेव्हा मी चष्मा शोधला, नीट वाचला आणि सही केली. काकांनी वाद घातला नाही. टेबल उचललं आणि रस्त्यापलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून पत्र्याखाली मांडलं. मावशी आमच्या इमारतीत यायची बंद झाली, आणि चौथ्या मजल्यावरचं तळमजल्याला कळेनासं झालं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला, थोरली अनवाणी घरातून निघाली. डावा हात कोपरापाशी मोडला होता, तो तिनं उजव्या हातात धरला होता. दोन गल्ल्या चालून ती आमच्या इमारतीपर्यंत आली. मी घरातच होते. खिडकीत बसून भाजी निवडत होते, पण खिडकी मागच्या बाजूला आहे. ती आमच्या फाटकावरून पुढं गेली, थांबलीसुद्धा नाही, असं सायकलवाल्यानं मला सांगितलं. रस्ता ओलांडून पत्र्याखाली गेली आणि गाठोड्यांवर बसली. काकांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. मावशीनं तिला पाणी पाजलं, स्वतःच्या चपला तिच्या पायात घातल्या आणि रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिथून पोलिसांकडे. मला कळलं दुपारी तीन वाजता, धाकटीकडून. धाकटीला मावशीनं कॉलेजच्या दारात गाठून सांगितलं होतं, माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.

इस्पितळात मी तिच्याजवळ बसले. आधी का नाही बोललीस, असं मी तिला विचारलं. असला प्रश्न विचारायलाही तोंड लागतं, ते माझ्याकडे होतं. ती छताकडे बघत म्हणाली, बोलले असते तर तू त्यालाच सांगितलं असतंस.

ती घरी आली. हाताला प्लॅस्टर, पोलिसांत तक्रार, आणि माझ्याशी कामापुरतं बोलणं. मीठ दे, दार लाव, इतकंच. महिन्याभरानं महाराजांचा निरोप आला. जावयांना पश्चात्ताप झाला आहे, चार दिवस अन्न घेतलेलं नाही, सगळ्यांसमोर तिची माफी मागायची आहे. तक्रार मागं घ्यायची की नाही ते तिनं नंतर ठरवावं, पण एकदा यावं. थोरली नाही म्हणाली. मी तिला गळ घातली. माझा हिशेब साधा होता: ज्यांच्यासमोर तिला "काही नाही" म्हणावं लागलं, त्यांच्याचसमोर तो कबूल करील, आणि लोकांना कळेल की काका खरं बोलत होते. दोन दिवस मी मागं लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल, तुझ्यासाठी येते.

काकांना बोलावलं नव्हतं.

जावयांची दाढी वाढली होती, गळ्यातली माळ दिसत होती. ते हात जोडून थोरलीसमोर आले आणि सरळ जमिनीवर आडवे झाले, कपाळ तिच्या पायांपासून चार बोटांवर. मी पापी, मी नीच, मला तुडव, असं म्हणत हुंदके देऊ लागले. मारलं हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, तो मी कान देऊन शोधत होते. हॉलमध्ये सगळे स्फुंदत होते. मागून एक बाई म्हणाली, उठव गं त्याला, नवरा आहे, किती वेळ पडून राहू देशील. दुसरी म्हणाली, एवढा ताठा बरा नव्हे. थोरली प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून उभी होती. ती वाकली नाही.

आणि मी वाकले.

ठरवून नाही. बारा वर्षांची सवय होती, कुणी पडलं की उठवायचं, पडून राहू देणं म्हणजे अपराध. माझे हात आपोआप गेले आणि मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उठवू लागले. वर पाहिलं तर थोरली माझ्या हातांकडे बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. महाराजांकडे वळून म्हणाली, "याला असं पडता येतं, म्हणूनच माझ्या आईनं मला याला दिलं. अजूनही तिला तेच आवडतंय."

आणि निघाली. जिना उतरताना तिला कुणी धरलं नाही. मी मागं धावले तोवर ती रस्त्याला लागली होती. आठ दिवसांत तिनं दुसऱ्या शहरात नोकरी शोधली, एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. मावशीनं तिचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरून दिले. मला खोलीचा पत्ता दिलेला नाही. फोन मी केला तर उचलत नाही.

मंडळात लोक म्हणतात, पोरीनं वैष्णवाची नम्रता पायाखाली तुडवली. जावई अजून मृदंग वाजवतात. कोर्टात तारखा पडतात तेव्हा ते वकिलाच्याही पाया पडतात, असं ऐकलं. मी एकदाच महाराजांकडे गेले. म्हटलं, काका खरं बोलत होते हे आता सिद्ध झालंय, त्यांची सेवा त्यांना परत द्या. महाराज म्हणाले, खरं नंतर ठरलं. ते बोलले तेव्हा ती निंदाच होती. धूळबुवांची माफी मागितली तर सेवा आजही त्यांचीच आहे. इतक्या प्रेमानं म्हणाले की मला क्षणभर ते पटल्यासारखं झालं. खाली येऊन चपला घालताना मला स्वतःचीच शिसारी आली. त्यानंतर मी तिकडे गेले नाही.

काकांना हा निरोप द्यायला गेले तेव्हा ते पडद्याला इस्त्री करत होते. मी सगळं सांगितलं, सेवेचं, माफीच्या अटीचं. मग खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले, तर ते टेबलाच्या पलीकडे झाले. म्हणाले, ताई, नका, या पाया पडण्याचा मला आता वीट आलाय. राग नव्हता आवाजात. अर्ज फिरवून तुमचं टेबल परत जिन्याखाली आणते, असं मी म्हटलं, तर म्हणाले, इथं मान सरळ राहते. मूर्तीच्या कपड्यांचं आता कोण बघतं, एवढं मात्र त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कुणीतरी लाँड्रीत देतं. त्यांनी पडद्याचा तोच पट्टा पुन्हा एकदा इस्त्री केला, झालेला असून.

थोरली दर रविवारी मावशीला फोन करते. मावशी उजव्या कानाला फोन लावून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलते, पण पलीकडचं तिलाच ऐकू येतं. म्हणून सोमवारी सकाळी मी एखादा धुतलेला रुमाल, एखादा टॉवेल, ज्याला इस्त्रीची काही गरज नाही असं काहीतरी घेऊन रस्ता ओलांडते. परवाही गेले. कशी आहे, विचारलं. मावशी म्हणाली, बरी आहे, वेळेवर जेवते, हात आता वर जातो. आणखी काही म्हणाली का, मी विचारलं. मावशीनं माझ्या हातातला टॉवेल घेतला, झटकला.

"म्हणाली की बरंच," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल काही नाही."